एका दाराला तीन माणसं

या शहरात लाखो माणसं राहतात, पण 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून मी तीन वर्षांत ऐकलेले नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका सद्गृहस्थांना पोस्ट ऑफिस कुठे आहे म्हणून विचारलं होतं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि मला डावीकडे, मग उजवीकडे, मग पाण्याच्या टाकीवरून पुन्हा डावीकडे असं अर्धा तास फिरवून एका दातांच्या दवाखान्यात पोचवलं. मला दात दाखवायचे नाहीत हे कळल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी दुसरा रस्ता सांगितला. तो पहिल्याहून सविस्तर होता. पोस्ट ऑफिस अखेर सापडलं ते पहिल्या सद्गृहस्थांच्या पाठीमागे. ते अजून तिथेच होते. त्याच भिंतीला टेकून दुसऱ्या कुणाला तरी रस्ता सांगत होते.

एवढी ढळढळीत खूण मिळूनही मी सुधारलो नाही. देव खुणा देतो. वाचायची अक्कल ज्याची त्याने आणायची असते. असो. मूळ पदावर येतो.

मूळ पद असं, की आत्या येणार होती. मला आठव्या वर्षापासून जिनं लहानाचं मोठं केलं ती ही आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, राहते एकटी, आणि यंदा बाथरूममध्ये दोनदा पडली. 'आमच्याकडे ये' म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो आणि ती दर वेळी हवापाण्यावर बोलून फोन ठेवायची. शेवटी एकदा म्हणाली, "तुझ्याकडच्या त्या लहान खोलीला दार आहे?"

"आहे की."

"लागतं?"

दार आहे का हे लोक विचारतात. लागतं का हे कुणी विचारत नाही.

"अरे, पहाटे मी माझं देवाचं म्हणते," ती म्हणाली. "पूर्वी गळा बरा होता. आता पत्रा ओढल्यासारखा आवाज येतो. तुमच्या झोपा मोडतील म्हणून तोंड मिटून म्हणायचं मला जमायचं नाही, आणि देवालाही ते ऐकू जायचं नाही. दार लागत असेल तर येते. रविवारी येऊन दोन दिवस बघते. नाही जमलं तर त्या वृद्धाश्रमाचा अर्ज भरून ठेवलाय. पिशवीतच आहे. तिथं ज्याला त्याला वेगळी खोली आहे, आणि दारं लागतात."

"लागतं," मी म्हणालो. फोन ठेवला आणि मग जाऊन लावून पाहिलं. चार बोटं उरली की ते चौकटीला अडत होतं. मी खांदा लावला, गुडघा लावला, शेवटी पाठ लावली. तीन वर्षं त्या खोलीत इस्त्रीचे कपडे, मोडका पंखा आणि माझी व्यायामाची सायकल एवढीच मंडळी राहत होती, आणि त्यांतल्या कुणालाही एकांताची गरज पडली नव्हती.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी लिफ्टमध्ये एक वाक्य उच्चारलं. एकच. "दार अडतंय, इथं जवळपास चांगला सुतार कुठे मिळेल हो?"

लिफ्टमध्ये तिघं होती. एक आमच्या इमारतीचे 'अनुभवी'. हे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेत आणि प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू करतात. दुसरे सेक्रेटरी, म्हणजे इमारतीच्या कमिटीचे. तिसऱ्या आमच्या समोरच्या वहिनी. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचली, तिचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाहेर कुणीच पडलं नाही.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले, "दार फुगतं ते ओलाव्यानं. रंधा मारायला हवा. आपला माणूस आहे."

"रंधा सगळेच मारतात हो, पण कुठे मारायचा ते कळायला पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "आपला माणूस पाठवतो."

"भावोजी, तुम्ही कुणाला बोलावू नका," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे सगळी कपाटं ज्यानं केली ना, तो आपलाच माणूस आहे."

आता हे 'आपला माणूस' प्रकरण जरा समजून घ्या. या शहरात कुणाला काही यावं लागत नाही. त्याच्याकडे माणूस असावा लागतो. नळाचा माणूस, पासपोर्टचा माणूस, दाढदुखीचा माणूस. आणि हा माणूस नुसता कामाला पाठवत नाहीत, आपली अब्रू म्हणून पाठवतात. तो तुम्ही घेतलात तर पाठवणाऱ्याचा मान राहतो. नाही घेतलात तर पुढची पाच वर्षं जिन्यात तुमच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहिलं जातं.

मी तिघांनाही म्हणालो, "हो हो, पाठवा ना." माझा हिशेब साधा होता. इथं तिघांनी पाठवतो म्हटलं की एखादाच पाठवतो, आणि तोही विसरतो.

मंगळवारी अनुभवींचा माणूस आला. मिशाळ, अबोल. त्यानं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, वरची कड तासली, चार ढलप्या पाडल्या, दार पुन्हा बसवलं आणि लावलं. 'टक' असा आवाज आला. सगळ्याला दहा मिनिटं. तो गेल्यावर मी ते दार अकरा वेळा लावलं. माझ्या कुठल्याही यशाकडे संशयानं पाहणारी माझी बायकोसुद्धा आतून म्हणाली, "लागतंय हो!"

ही कथा इथं संपायला हवी होती. शहाण्यासुरत्या माणसाच्या घरात ती इथं संपली असती.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, आणि त्यांच्या मागे पेटी घेतलेला एक उंच इसम. "तुमच्यासाठी दुसऱ्याचं काम सोडून आलाय," सेक्रेटरी म्हणाले. "म्हटलं स्वतःच घेऊन यावं."

दार झालंय, असं सांगायला तीन सेकंद लागले असते. पण त्या तीन सेकंदांत मला दोन गोष्टी दिसल्या. एक, सेक्रेटरींचा चेहरा. तो आताच उपकाराच्या तेजानं उजळलेला होता. दुसरी, लिफ्टचं कार्ड. आमची लिफ्ट कार्डावर चालते, पाहुण्यांना वेगळं कार्ड लागतं, ते सेक्रेटरी देतात, आणि आत्याचे गुडघे चार मजले चढायच्या लायकीचे राहिलेले नाहीत. मी म्हणालो, "या ना, या. तुमचीच वाट पाहत होतो."

ते दोघं चपला काढत होते तेवढ्यात मी आत धावलो, कालचं वर्तमानपत्र घेतलं, त्याची आठ पदरी घडी केली आणि चौकट आणि दार यांच्या मध्ये कोंबली. दार अडलं. पन्नाशी उलटलेला, रोज सकाळी हात जोडणारा माणूस आपल्याच घराच्या धडधाकट दाराला आजारी पाडत होता.

उंच इसमानं दार ढकलून पाहिलं. "अडतंय," तो म्हणाला.

"अडतंय ना!" मी उत्साहानं म्हणालो आणि दार धरण्याच्या निमित्तानं पुढे होऊन घडी काढून घेतली.

त्यानं वरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "हे कुणी तासलंय? हातानं तासलंय की पायानं?"

"आधीच्या मालकांनी करून घेतलं असेल," मी म्हणालो.

"तो माणूसच तसा," सेक्रेटरी म्हणाले.

आधीचे मालक म्हणजे एक सालस म्हातारे गृहस्थ. जाताना त्यांनी आम्हाला खिडक्यांचे पडदे नुसतेच देऊन टाकले होते. त्यांच्या नावावर मी त्या आठवड्यात जेवढं पाप जमा केलं तेवढं त्यांच्या सात पिढ्यांनी मिळूनही केलं नसेल.

उंच इसमानं खालची कड तासली, बाजूची तासली, आणि माझ्या मते निव्वळ मंगळवारच्या माणसाला खिजवायला म्हणून वरचीही पुन्हा तासली. दार लागलं. 'टक' मात्र झालं नाही. छताचा पंखा लावला की ते आपसूक उघडायचं.

"काल लागत होतं ना?" बायकोनं विचारलं.

"होतं."

"मग आज त्यांना झालंय म्हणून सांगता आलं नाही?"

"सेक्रेटरींना वाईट वाटलं असतं गं."

"आणि आत्यांना रविवारी काय वाटेल?"

मी ढलप्या गोळा करू लागलो.

गुरुवारी वहिनी स्वतः आत आल्या. रंध्याचा आवाज त्यांनी दोन दिवस समोरून ऐकला होता. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते, आमची पार्सलं त्या घेतात, आणि आम्ही घरात काय बोलतो हे आमच्या आधी त्यांना कळतं. "भावोजी, आवाज कसला हो?" त्यांनी विचारलं.

"आवाज? नाही बुवा. मी व्यायामाची सायकल चालवत होतो."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. त्यांच्या माणसानं दार पाहिलं आणि थेट निदान केलं. "दार लहान पडतंय. पट्ट्या लावायला लागतील." त्यानं तिन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या. दार आता चार बोटांवर अडू लागलं. म्हणजे दारही मूळ पदावर आलं.

शुक्रवारी अनुभवी आले. "म्हटलं, आपल्या माणसाचं काम बघून यावं." मी त्यांना चहा विचारला, पेपर दिला, माझ्या प्रकृतीची तक्रार सांगितली. त्यांनी तिच्यावर तीन उपाय सुचवले आणि तरीही उठून दारापाशी गेलेच.

"या पट्ट्या कसल्या?"

"ओलाव्यानं असेल."

"ओलाव्यानं पट्ट्या फुटल्या? खिळ्यांसकट?"

मी आधीच्या मालकांचं नाव पुन्हा पुढे केलं. अनुभवींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पण सल्ला देण्याची हौस संशयापेक्षा दांडगी असते. "माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "दार आत उघडतं हीच मुळात चूक आहे. बाहेर उघडायला हवं." तासाभरात मिशाळ माणूस हजर झाला, त्यानं बिजागऱ्या काढून उलट्या अंगाला बसवल्या आणि आत्याच्या खोलीचं दार बोळात उघडू लागलं. बोळ अडीच फुटांचा. बोळाच्या पलीकडे आमचं बाथरूम, आणि त्याचंही दार बोळातच उघडतं. या दोन दारांची पुढे गाठ पडणार हे एखाद्या आंधळ्यालाही दिसलं असतं. अनुभवींना दिसलं नाही, कारण त्यांना अनुभव होता.

गाठ शनिवारी पडली. मी बाथरूममध्ये होतो, डोक्याला साबण लावलेला. बायकोनं खोली झाडायला दार उघडलं ते सगळं मागे गेलं, वहिनींच्या माणसाची पट्टी बाथरूमच्या मुठीखाली शिरली आणि तिथेच घट्ट बसली. मी आतून ढकललं. बायकोनं बाहेरून ओढलं. दोन्ही दारं जागची हलेनात. आठवडाभर त्या दारानं लागायचं नाकारलं होतं, आणि जेव्हा लागलं तेव्हा मला आत घेऊन लागलं.

"थांबा, कुणाला तरी बोलावते," बायको म्हणाली.

"कुणालाही बोलावू नकोस!" मी ओरडलो, पण तोंडात साबण गेला आणि वाक्य अर्धंच बाहेर पडलं.

ती समोर वहिनींकडे गेली. वहिनींनी सेक्रेटरींना फोन केला, सेक्रेटरींनी अनुभवींना, आणि प्रत्येकानं सवयीनं आपापल्या माणसालाही. वीस मिनिटांत आमच्या अडीच फुटी बोळात सहा माणसं जमली. मी त्यांना पाहू शकत नव्हतो, पण ऐकू सगळं येत होतं.

"पट्टी काढा," उंच इसम म्हणाला.

"का काढू? पट्टी माझी आहे," वहिनींचा माणूस म्हणाला.

"बिजागरी माझी आहे," मिशाळ माणूस म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पण वरची कड मी एवढी तासली नव्हती."

"ती मी तासली. ती आधीच कुणीतरी बिघडवली होती."

"कुणीतरी म्हणजे?"

मग बोळात शांतता पसरली. कीर्तनात टाळ एकदम थांबले की आता बुवा काय बोलणार म्हणून सगळे श्वास रोखतात, तशी.

"साहेब," सेक्रेटरींचा आवाज आला, "ऐकू येतंय ना? माझ्या माणसाच्या आधी कुणाचा माणूस येऊन गेला होता?"

डोळ्यांत साबण गेलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. शिवाय अंगावर कपडा नसला की मनुष्य फार प्रामाणिक होतो. मी सगळं सांगितलं. मंगळवारचा 'टक' सांगितला, वर्तमानपत्राची घडी सांगितली, सायकल सांगितली, आणि आधीच्या मालकांची, ते तिथं नसताना, मनापासून माफी मागितली.

पाच दिवसांत ज्या तिघांचं एका खिळ्यावरही एकमत झालं नव्हतं त्यांचं माझ्याविषयी क्षणात एकमत झालं.

"विश्वास नव्हता तर विचारलंत कशाला?" सेक्रेटरी.

"आमच्या माणसाची कपाटं सगळं शहर बघायला येतं हो भावोजी," वहिनी.

"माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले, "असल्या माणसाला सल्ला देऊ नये." आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला, तोही दुसऱ्याला.

आणि ते गेले. सहाही जण आपापल्या पेट्या आणि आपापला अपमान उचलून गेले. पट्टी मुठीखाली तशीच होती आणि मी आत तसाच होतो. जिन्यातून सेक्रेटरींचं शेवटचं वाक्य आलं, "लिफ्टच्या कार्डाचं बघू नंतर!"

बायकोनं स्वयंपाकघरातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू एकामागून एक काढले. दार उचलून भिंतीला टेकवलं. मी बाहेर आलो. साबण वाळून केस उभे राहिले होते. तिनं माझ्या केसांकडे पाहिलं आणि स्क्रू मोजून वाटीत ठेवले.

रविवारी आत्या आली, जिन्यानं. दर मजल्यावर थांबत होती आणि दर मजल्यावर कुणीतरी तिला गुडघ्यांचा उपाय सांगत होतं. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्याकडे दोन तेलं, एक पट्टा आणि एक डॉक्टर जमले होते. ती आत आली, पिशवी पायाशी ठेवली आणि भिंतीला टेकलेल्या दाराकडे पाहिलं. मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं, या वेळी कपडे घालून.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिला माणूस गेला तेव्हा दार लागलं होतं?"

"लागलं होतं."

"मग दुसऱ्याला तेवढंच सांगायचं."

मी मान खाली घातली. खरं बोलावं हे निरूपण जन्मभर पुढच्या रांगेत बसून ऐकलं, मान डोलावली, डोळे पुसले, आणि परीक्षा आली तेव्हा वर्तमानपत्राची घडी केली. असा मी भाविक.

"आणा ते दार इकडे," आत्या म्हणाली.

मी दार उचललं, बायकोनं स्क्रू धरले आणि आत्यानं पलंगावर बसून 'जरा वर, आता खाली' एवढंच सांगितलं. हा त्या आठवड्यातला पहिला सल्ला, ज्यात देणारीला समोर काय आहे ते दिसत होतं. पट्ट्या काढल्या, दार होतं तसं आत उघडायला बसवलं. पण तिघांनी मिळून त्याची इतकी साल काढली होती की लावलं की हळूच सुटायचं आणि बोटभर फट पडायची. आम्ही तिघं त्या फटीकडे पाहत राहिलो. आत्यानं आणलेली पिशवी अजून उघडली नव्हती. दोन दिवसांची पिशवी. तिच्या बाहेरच्या कप्प्यातून त्या अर्जाचा कोपरा दिसत होता.

"आत्या," बायको म्हणाली, "आम्हाला तुमच्या आवाजाचं काही नाही हो. दार उघडं असलं तरी म्हणा तुम्ही."

"तुला काही नाही गं. मला आहे," आत्या म्हणाली. "देवाशी बोलताना कुणी ऐकतंय असं वाटलं की मी नीट म्हणायला जाते. नीट म्हणायला गेलं की ते त्याच्यासाठी राहत नाही."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, निघाली. तिनं बाहेरच्या कप्प्यातून अर्ज काढला, त्याची एक घडी केली, मग दुसरी, मग तिसरी, आणि उठून, आम्हाला बाहेर घालवून, ती घडी दाराच्या कडेला धरून दार आतून लोटलं. आम्ही बोळात राहिलो. दार लागलं आणि लागलेलंच राहिलं.

"आत्या, तो अर्ज!" मी बाहेरून म्हणालो.

"कागद जाड आहे," आतून आवाज आला. "संस्था चांगली दिसते."

पहाटे मी बोळात जमिनीवर बसून ऐकलं. चोरून, हे कबूल करतो. आवाज खरंच पत्रा ओढल्यासारखा होता. तो अडखळायचा, वर जायचा नाही, मधेच हसायचा. मोठमोठ्या बुवांसमोर बसून जे मिळालं नाही ते मला त्या बंद दाराच्या या बाजूला मिळालं. याहून जास्त त्याच्याविषयी लिहू नये.

आठ वाजता बेल वाजली. सेक्रेटरी होते, हातात रजिस्टर. मागे जिन्यात अनुभवी सहज उभे होते. समोर वहिनी आपल्या दारात सहज उभ्या होत्या. माझ्याकडे तिघांनीही पाहिलं नाही. ते आत्याकडे पाहत होते. ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"पाहुण्यांची नोंद," सेक्रेटरी म्हणाले. "नियम आहे. किती दिवस मुक्काम?"

"माहीत नाही," आत्या म्हणाली.

सेक्रेटरींचा पेन रकान्यावर थांबला. त्यांनी रजिस्टरचं आधीचं पान उलटून पाहिलं. असलं काही आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. "म्हणजे, अंदाजे? दोन दिवस? आठ दिवस?"

"माहीत नाही हो मला," आत्या म्हणाली, अगदी गोड.

वहिनींचं तोंड उघडं राहिलं. सेक्रेटरींनी मदतीसाठी जिन्याकडे पाहिलं. माझ्या मागे बायकोनं आत्याची पिशवी उचलली आणि कपाटाशी नेऊन उघडली.

अनुभवी दोन पायऱ्या वर आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आजी, माझा अनुभव सांगतो—"

आत्या खोलीत गेली आणि तिनं दार लावलं.

लागलं.